देवसिंग काकांची नऊची गाडी

देवसिंग काकांच्या काळ्या-पिवळ्या जीपमध्ये किती माणसं बसतात, याचं कागदावरचं उत्तर नऊ आहे आणि खरं उत्तर चौदा. बाजाराच्या दिवशी आत शिरलेल्या दोन बकऱ्या, पायाशी बांधून ठेवलेली कोंबडी आणि टपावरची पोती यात धरायची नाहीत, कारण ते काकांच्या भाषेत 'सीट' नव्हे, 'सामान'. सीट म्हणजे जो भाडं देतो आणि भांडतो तो.

माझी जागा ठरलेली. पुढं, गियरच्या बाजूला. दुसरा गियर पडला की गुडघे डावीकडे घ्यायचे, तिसरा पडला की सरळ करायचे. अकरा वर्षांत माझ्या गुडघ्यांना हे इतकं सवयीचं झालंय की घरी सोफ्यावर बसले तरी वळणाचा रस्ता आठवून ते आपोआप हलतात, आणि माझा नवरा अश्वजित हसतो.

मी साधना मनवर. दारव्ह्याला राहते आणि तिथून चोवीस किलोमीटरवरच्या पळसतांड्याच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पहिली ते चौथी, सत्तावीस मुलं, मंजूर शिक्षक दोन. त्यातली एक जागा तीन वर्षं रिकामी आहे. त्यामुळे मुख्याध्यापक मीच, वर्गशिक्षक मीच, घंटा वाजवणारीही मीच. पण हे माझं पुराण नव्हे. हे देवसिंग काकांचं आहे, आणि ते कुठं वाचलं गेलंच तर काका म्हणतील, 'म्याडमनं मधे मधे सोताचंच घुसवलं.' म्हणू देत.

काका पळसतांड्याचेच. बंजारा माणूस, वय साठीला टेकलेलं, शाळा दुसरीपर्यंत. आकडे सगळे वाचता येतात, अक्षरं त्यांच्या म्हणण्याप्रमाणे 'वळखीची हायेत, पन बोलनं-चालनं नाई'. रोज पहाटे तांड्यावरून दूधवाले आणि भाजीवाल्या घेऊन दारव्ह्याला यायचं, स्टँडवर चहा प्यायचा आणि परतीच्या सीट गोळा करायच्या. स्टँडवर सगळ्या काळ्या-पिवळ्यांचा एकच कायदा: गाडी भरल्याशिवाय चावी फिरवायची नाही. घड्याळ बघून गाडी सोडणं हे एस.टी.चं काम, जीपवाल्यानं तसं केलं तर त्याचं डोकं फिरलं असं धरतात. काका दारात उभे राहून ओरडत, "दोनच सीट, दोनच सीट, निंगालीच गाडी!" गाडीत सहा माणसं असली तरी दोनच सीट, आणि बारा असली तरी दोनच.

साधारण दहाच्या सुमारास चौदावं माणूस यायचं. मग गाडी निघायची आणि वाटेत चार ठिकाणी थांबत अकराला दहा मिनिटं कमी असताना पळसतांड्याला पोचायची. शाळा दहाची.

आता हे वाक्य पुन्हा वाचा. मी अकरा वर्षं वाचलं नव्हतं.

'गाडी भरली नाही' हे आमच्याकडे ताप आल्यासारखं कारण आहे. ते सांगितलं की कोणी पुढं विचारत नाही. मुलांनाही त्याचं काही वाटत नसे. ती आवारात लगोरी खेळायची, आणि वळणावर काकांचा हॉर्न वाजला की धावत येऊन ओळीत उभी राहायची. त्यांच्या दृष्टीनं शाळा हॉर्ननं भरायची. हजेरीवहीत मी वेळ काय लिहीत होते, ते विचारू नका.

काकांची नात पायल तेव्हा चौथीत होती. तिचे आईवडील दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात ते उन्हाळ्यात परततात; पायल तांड्यावर काका आणि मोतीबाई, म्हणजे तिची आजी, यांच्याजवळ राहायची. काकांना नातीचं कौतुक इतकं, की दारव्हा ते पळसतांडा या प्रवासात ते ऐकणं सक्तीचं होतं. "माही नात कविता कशी म्हनते, ऐकाल तं ऐकतच राहाल. पाढे तं पानी!" खोटं नव्हतं ते. पायल पाढे म्हणायची, कविता म्हणायची, पुस्तक धरून धडाही खडखड म्हणायची. मी खूश होते. तपासणीला आलेले साहेबही खूश होऊन गेले होते.

मग जुलैतला एक रविवार आला. मी त्या दिवशी गाडीत नव्हते, पण हा प्रसंग मला चौदा जणांनी चौदा वेळा सांगितलाय, त्यामुळे मी असल्यासारखीच आहे.

पायल आजोबांसोबत दारव्ह्याला चपला घ्यायला गेली होती. तिचा बाप रोशनही सोबत होता. परतीच्या गाडीत बाजूच्या गावचे पंजाबराव चढले. भारदस्त शेतकरी माणूस, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, मांडीवर छापखान्यातून आणलेल्या कार्डांचा गठ्ठा. काकांनी मागं वळून पाहिलं आणि त्यांना राहवेना. "पंजाबरावभाऊ, एक कार्ड द्या बरं पायलच्या हाती. वाचून दाखोते तुमाले. वाच वं पोट्टे!"

पंजाबरावांना काही बोलायची संधीच मिळाली नाही. पायलनं कार्ड घेतलं, धडा म्हणताना घ्यायची तसा श्वास घेतला आणि खणखणीत सुरुवात केली. "आमचे येथे श्रीकृपेकरून, आमचे ज्येष्ठ चिरंजीव यांचा शुभविवाह..." गाडी चिडीचूप. पोरगी कुठंही अडखळेना. वधूपक्ष झाला, वरपक्ष झाला, सहकुटुंब सहपरिवार झालं, गोरज मुहूर्त झाला. आणि शेवटी, मान तिरपी करून, लाडात, "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!"

पंजाबरावांनी कार्ड हळूच तिच्या हातातून परत घेतलं. "बेटा," ते म्हणाले, "माही माय गेली. तिच्या तेरवीचं कार्ड हाये हे."

पोरीनं तांड्यावरच्या लग्नांतून पत्रिका इतक्या ऐकल्या होत्या की तिला एक सबंध पत्रिका पाठ होती. कार्ड दिसलं, तिनं ती म्हटली. धड्यांचंही तिचं तेच होतं. दोन ओळी कोणी म्हटल्या की उरलेलं पान ती डोक्यातून म्हणायची आणि पानं आपली वेळेवर उलटायची.

 मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. आणि मग पंजाबराव स्वतःच खांदे हलवून हसायला लागले. "ब्यान्नव वर्षांची होती बुढी. आता असती तं म्हनाली असती, बरं झालं वं माय, या वयात माहं लगन जमोलं तुनं!" मग सगळी गाडी हसली. दोघं सोडून. एक गाडी चालवत होता, दुसरा पोरीचा बाप.

घरी गेल्यावर रोशन म्हणाला, "चार वर्षं शाळेत जाऊन वाचता येत नाई, तं इथं ठिवून काय फायदा? या वर्षी तिले संग नेतो. सोनूले सांभाळन." सोनू म्हणजे पायलचा भाऊ, आठ महिन्यांचा. आईबाप उसात असताना त्याला पाचटाच्या सावलीत धरून बसायला कोणीतरी हवंच होतं. काकांनी कशीबशी दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली. तोपर्यंत तिला वाचता आलं, तर ती राहील. नाही आलं, तर ट्रकमध्ये बसेल.

सोमवारी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक होती. या बैठकीला एरवी तीन माणसं आणि एक कुत्रं येतं. त्या दिवशी काकांनी तांडा गोळा केला. व्हरांड्यात उभे राहून ते माझ्याकडे बोट करून गरजले, "म्याडम, चवथीतल्या पोट्टीले कार्ड वाचता येत नाई! मंग तुमी दिवसभर करता काय? पगार कायचा घेता?"

तापट मी आधीपासूनच आहे. म्हणाले, "काका, सव्वादहाला माझा वाचनाचा तास असतो. सकाळी डोकं ताजं असतं म्हणून मीच तो पहिला ठेवलाय. सव्वादहाला मी कुठं असते, ते तुम्हीच सांगा सगळ्यांना."

"मले काय मालूम?"

"तुमच्या गाडीत असते. गियरच्या बाजूला. गाडी नुकतीच सुटलेली असते, कारण दहापर्यंत तुम्ही 'दोनच सीट, दोनच सीट' ओरडत असता."

काकांचं बोट तसंच हवेत राहिलं. लोकांना हसू आवरेना. रोजचा गेलेला तास हा नेमका वाचनाचा होता. गणित अकरानंतर, म्हणून पाढे पक्के. चार वर्षं काका स्वतःच्या नातीचा तास स्टँडवर उभा ठेवत होते. ते त्यांच्या चेहऱ्यावर मला हळूहळू उमटताना दिसलं, आणि मला, कबूल करते, जरा बरं वाटलं.

ते बरं वाटणं फार टिकलं नाही. काका हळू आवाजात म्हणाले, "माहं चुकलं. पन म्याडम, आठची यष्टी सुटते दारव्ह्याहून. तिच्यात कधी बसल्या तुमी?"

नव्हते बसले. साडेआठला माझ्या मुलाची, कपिलची, शाळेची व्हॅन येते. अश्वजित सातलाच यवतमाळला कामावर जातो. माझं पोर त्याच्या इंग्रजी शाळेत एक मिनिट उशिरा पोचू नये म्हणून मी दारात उभी असते, आणि मग सत्तावीस पोरांकडे तासभर उशिरा जाते. मी हे भर व्हरांड्यात सांगितलं.  लाज वाटली मला, दुसरा शब्द नाही. व्हरांड्यात मग कोणी हसलं नाही.

शेवटी काकांनी खांद्यावरचा टॉवेल झटकला. "उद्यापासून नऊले गाडी सुटन. चौदा असो का चार."

दुसऱ्या दिवशी स्टँडवर हा निर्णय कोणालाच खरा वाटला नाही. नऊ वाजले, गाडीत आम्ही पाच. काकांनी चावी फिरवली. रांगेतले बाकीचे जीपवाले उठून उभे राहिले. "देवसिंग, तब्येत बरी हाये ना?" आर्णीच्या गाडीवाला किसनसिंग तर दार धरून म्हणाला, "अबे, नऊ सीट रिकाम्या घेऊन चालला, हवा भरून नेऊन राह्यला का?" काकांनी पहिला गियर टाकला. दुसरा गियर टाकला, मी गुडघे डावीकडे घेतले.

पुढचे तीन आठवडे वाईट गेले. लोकांना सवय अशी, की निघताना फोन करायचा, "येऊनच राह्यलो, थांब," आणि मग आंघोळीला जायचं. काका थांबेनात. त्यांनी स्वतःच्या मेव्हण्याला लुगड्यांच्या गाठोड्यासकट रस्त्यावर सोडलं, आणि तो मेव्हणा पोळ्यापर्यंत बोलला नाही. पंजाबराव एकदा दोन मिनिटं चुकले, तर कोणाच्या तरी मोटरसायकलवर बसून पाठलाग करत आले आणि पुढच्या फाट्यावर गाडी धरून म्हणाले, "देवसिंग, माही माय गेली तवा तिनंही मले इतकी घाई केली नवती!"

रिकाम्या सीटचा सगळा राग काका माझ्यावर काढायचे. सकाळी गाडीत बसले की परीक्षा सुरू. "काल पयल्या तासाले काय घेतलं? पायल कुठवर आली? अन् आज काय घेनार?" अकरा वर्षांत कुठल्या साहेबानं मला इतकं विचारलं नव्हतं. साहेब वर्षातून एकदा येत. हे रोज सकाळी नऊला, चोवीस किलोमीटर, आणि पळून जायला जागा नाही. घरून तयारी करून येण्यावाचून मला गत्यंतर उरलं नाही.

पहिल्याच आठवड्यात मी सगळ्या मुलांना एकेक करून जवळ बसवलं आणि पाठ नसलेलं काहीतरी वाचायला दिलं. माझे डोळे पांढरे झाले. तिसरी-चौथीतली निम्मी पोरं पायलसारखीच होती. मग मी पहिल्या तासापुरते वर्ग मोडले. जो अक्षराशी अडला तो या चटईवर, जो शब्दाशी अडला तो त्या, जो वाक्याशी अडला तो पलीकडे. इयत्ता कोणतीही असो. पायलला पहिलीतल्या पोरांशेजारी बसावं लागलं. पहिले चार दिवस ती भिंतीकडे तोंड करून बसली. पाचव्या दिवशी शेजारच्या चिमुरडीनं तिच्याआधी 'मगर' वाचलं, तेव्हा मात्र तिनं वळून पाटी ओढून घेतली.

दुसरी गोष्ट मला काकांनीच शिकवली. एकदा गाडीत मी कुरकुरले, की पोरं शब्द वाचतात पण तोंडावर काही दिसत नाही. काका म्हणाले, "कसं दिसन? 'भाकर' तुमी म्हनता. आमच्या घरात ते 'बाटी' हाये. माय म्हंजे 'याडी'. पोट्टं घरून एक बोली घेऊन येते, तुमी दुसरी देता, मधला पूल कोन बांधन?" तेव्हापासून तो चोवीस किलोमीटरचा रस्ता माझी गोरबोलीची, म्हणजे बंजारा बोलीची, शाळा झाला. काका शिकवायचे, मागच्या बाकावरच्या बाया माझे उच्चार ऐकून पदर तोंडाला लावायच्या. मी 'छोरी' म्हटलं की पोरी वर्गात लोळून हसायच्या. हसू देत. हसताना तरी तोंडावर काही दिसत होतं.

श्रावण संपता संपता लोकांनाही कळलं की हा माणूस खरंच नऊला जातो. मग ते पावणेनऊलाच यायला लागले. दवाखान्यात, तहसीलमध्ये, दिग्रसच्या गाडीला, ज्याला वेळेवर पोचायचं तो काकांच्याच गाडीत बसायचा. पोळ्यानंतर गाडी पुन्हा चौदावर गेली. किसनसिंग आता साडेनऊला सुटतो, घड्याळ बघून, आणि ही कल्पना मुळात आपलीच होती असं सांगतो.

पायल दसऱ्यापर्यंत शब्दांच्या चटईवर आली, दिवाळीच्या सुट्टीआधी वाक्यांच्या. थांबत, बोट ठेवत, पण स्वतःचं वाचायची.

दिवाळीनंतर शाळा उघडली त्याच आठवड्यात ऊसतोडीचा ट्रक तांड्यावर आला. नऊची गाडी घेऊन काका आणि मी पोचलो तेव्हा सामान चढत होतं: पत्रे, कोयते, हंडे, एक शेळी. पायलची कपड्यांची पिशवीही वर ठेवलेली होती. सगळा तांडा काकांच्या घराच्या ओट्यापाशी जमलेला. रोशन म्हणाला, "वाचून दाखो. पन पुस्तक नाई. पाठ असन तुले." त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि भजी बांधून आणलेला वर्तमानपत्राचा तेलकट तुकडा तिच्या हातात दिला.

पायलनं कागद घेतला. एकदा पाहिलं. मग एकदा आईकडे पाहिलं. आई सोनूला कडेवर घेऊन ट्रकच्या फळीजवळ उभी होती.

"नाई येत," पायल म्हणाली.

काकांचा चेहरा पडला. "काहून नाई येत? परवा तं बियान्याच्या थैलीवरचं सारं वाचलं तुनं!"

"नाई येत मले."

तिला येतंय हे मला माहीत होतं. अक्षरं मोठी होती, शब्द सोपे होते, आणि पोरीचे डोळे पहिल्या ओळीवर आधीच फिरून आले होते. मी पुढं व्हायला निघाले, तेवढ्यात मोतीबाईनं माझा हात धरला. नातीला दर हिवाळ्यात कुशीत घेऊन झोपवणारी तीच. तिला माझ्याआधी कळलं होतं.

पायलची आई खाली बसली. पोरीची हनुवटी वर केली आणि काहीतरी गोरबोलीत विचारलं. माझी गोरबोली तेवढं समजण्याइतकी झाली होती. पायल म्हणाली, 'मी वाचलं, तर तू मला सोडून जाशील.'

आईनं तिच्या कपाळावरचे केस मागं सारले. मग म्हणाली, 'नाही वाचलंस तरी मी जाणारच आहे, छोरी. फक्त तूही उसात येशील. वाच.'

पायलनं नाक पुसलं. कागद सरळ केला. तेलात तो अर्धा पारदर्शक झाला होता. ओळीवर बोट ठेवून, एकेक शब्द तोडत, रडत रडत ती वाचू लागली. "मूळ-व्याध... भगंदर... ऑप... ऑपरेशनशिवाय... कायमचा... इलाज. दर... मंगळवारी... भेटा." भर तांड्यासमोर, हुंदके देत, ती मूळव्याधीची जाहिरात वाचत होती. कोणाला हसावं कळेना, कोणाला रडावं कळेना. काका दोन्ही करत होते. ती थांबली नाही. वेळ वाचली, पत्ता वाचला, फोन नंबरचे दहाच्या दहा आकडे वाचले.

रोशन ट्रकवर चढला, पायलची पिशवी खाली काढून त्यानं मोतीबाईच्या हातात दिली. आईनं पोरीचा मुका घेतला आणि मागं न बघता फळीवरून वर गेली. ट्रक वळणापार जाईपर्यंत पायल उभी होती. मग शाळेत जायला निघालेल्या पोरांच्या मागून ती माझ्याजवळ आली. कागद अजून हातातच होता.

"म्याडम," डोळे पुसत तिनं विचारलं, "भगंदर म्हंजे काय?"

मी काकांकडे पाहिलं. काकांनी आभाळाकडे पाहिलं. चार वर्षांत तिनं मला एवढ्या कविता म्हणून दाखवल्या, एवढे धडे घडाघडा म्हटले, पण एकाही शब्दाचा अर्थ कधी विचारला नव्हता. मी ओट्यावर बसले, तिला शेजारी बसवलं आणि नीट समजावून सांगितलं.